तेल कोणते, यापेक्षा किती आणि कितव्यांदा तापवलेले?

नागपूरच्या एम्समध्ये समोसा आणि जिलेबीशेजारी धोक्याचे फलक लागणार, अशी बातमी जुलै २०२५ मध्ये देशभर गाजली. सिगारेटच्या पाकिटावर असतो तसा इशारा आता वडापावलाही लागणार, अशी चर्चा रंगली. समाजमाध्यमांवर विनोद झाले, काहींना राग आला. लगेचच केंद्र सरकारने खुलासा केला की कोणत्याही विक्रेत्याच्या पदार्थावर इशारा छापण्याचा विचार नाही. कार्यालयांमध्ये तेल आणि साखर यांची माहिती देणारे फलक लावावेत, एवढीच सूचना आरोग्य मंत्रालयाने केली होती. वाद तिथेच विरला. पण फलकावर जे लिहायचे होते, त्याची चर्चा काही झाली नाही.

या सूचनेला पार्श्वभूमी होती. जानेवारी २०२५ मध्ये देहरादून येथे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी रोजच्या स्वयंपाकातले तेल १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. फेब्रुवारीतल्या 'मन की बात'मध्ये त्याचा पुनरुच्चार झाला आणि १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरूनही लठ्ठपणाचा विषय आला. स्वयंपाकघरातले तेल असे राष्ट्रीय भाषणाचा विषय झाले. मात्र १० टक्के म्हणजे नेमके किती, कशातून कमी करायचे आणि उरलेले तेल कोणते वापरायचे, हे ठरवण्याचे काम शेवटी गॅसपाशी उभ्या असलेल्या व्यक्तीवर येऊन पडते. बहुतेक घरांत ती व्यक्ती म्हणजे घरातली बाई. तिच्यापर्यंत पोहोचणारे सल्ले मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

तीन शहरे, तीन कढया

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावरची उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे या गोंधळाचे चांगले उदाहरण आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उल्हासनगर उभे राहिले आणि १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळाले. तिथल्या रविवारच्या न्याहारीत दाल पकवान असते, दुपारी सिंधी कढी आणि आलू टुक. शेजारच्या अंबरनाथ-बदलापूर परिसरात आगरी घरांतली तांदळाची भाकरी, सुकट आणि सणाचे वडे आहेत. कारखान्यांच्या निमित्ताने आणि मुंबईत न परवडणाऱ्या घरांमुळे कोकण, घाटमाथा, मराठवाडा, खानदेशातून आलेली कुटुंबे आपापली फोडणी घेऊन आली. कुणाच्या घरी शेंगदाण्याचे तेल, कुणाकडे करडईचे, कुणाकडे वाटणात ओले खोबरे. आज बहुतेकांच्या कट्ट्यावर सोयाबीन किंवा सूर्यफुलाची पिशवी असते.

त्यात भर पडते ती लोकलच्या वेळापत्रकाची. मुंबईत नोकरी करणाऱ्याला साठ-सत्तर किलोमीटरचा, दीड तासाच्या आसपासचा प्रवास एका बाजूने करावा लागतो. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी स्थानकाबाहेर उतरतो तेव्हा जेवून सहा-सात तास झालेले असतात. समोर वडापाव, भजी, समोसे आणि फरसाणची दुकाने. घरात तेल किती वापरायचे यावर रोज वाद होतो, पण या संध्याकाळच्या तेलाचा हिशेब कुणी मांडत नाही.

सल्ल्यांची गर्दी

महाराष्ट्राला आहारावरचा वाद नवा नाही. २०१८-१९ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत घराघरांत पोहोचली. त्याच वेळी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर ठरावीक वेळाने थोडे थोडे खा, स्थानिक व पारंपरिक अन्न खा आणि तुपाला घाबरू नका, असे सांगत होत्या. हळदीकुंकवापासून सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत दोन गट पडले.

त्यानंतर सल्ल्यांची संख्या वाढतच गेली. एका व्हिडिओत तेल पूर्ण बंद करायला सांगतात, तर दुसऱ्यात रिकाम्या पोटी तुपाचा चमचा. रिफाइंड तेल म्हणजे विष, लाकडी घाण्याचेच घ्या, असे एकजण सांगतो. हृदयासाठी ऑलिव्ह तेल, वजनासाठी खोबरेल तेल, असे दुसरा सांगतो. अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर सूर्यफूल, सोयाबीन यांसारख्या बियांच्या तेलांविरुद्ध बोलतात आणि प्राण्यांच्या चरबीची बाजू घेतात. ती चित्रफीत चोवीस तासांत मराठी मथळ्यासह बदलापूरच्या कौटुंबिक गटावर येते.

अधिकृत यंत्रणाही यातून सुटलेल्या नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हणजे एफएसएसएआयने दूध व तुपावरचा 'ए-२' हा दावा काढून टाकण्याचा आदेश २१ तारखेला दिला आणि २६ तारखेला मागे घेतला. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झाले, मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आणले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये तूप, लोणी, बिस्किटे आणि पाकीटबंद फरसाण यांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला. या निर्णयांमागे शेतकरी, महागाई, उद्योग अशी आपापली कारणे आहेत आणि ती चुकीची म्हणता येणार नाहीत. पण तेल कमी खा म्हणणाऱ्या वर्षातच फरसाणचे पाकीट स्वस्त झाले, हेही खरे आहे. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत दिलेल्या 'आनंदाचा शिधा' संचात रवा, चणाडाळ, साखर यांबरोबर एक लिटर पामतेल होते. गरिबाच्या दिवाळीला ते हवेच होते. आहाराचा सल्ला आणि बाजाराचे गणित एका कागदावर बसत नाही, ते असे.

शास्त्राने मत का बदलले?

'डॉक्टरही दर दहा वर्षांनी मत बदलतात' ही तक्रार नेहमीची आहे. त्यात तथ्य आहे, पण गोष्ट वाटते तितकी उलटसुलट नाही.

अमेरिकी शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांचा अभ्यास सुरू केला. ज्या समाजांत लोणी, मांस, चीज यांतली संपृक्त चरबी जास्त खाल्ली जात होती, तिथे हृदयविकार जास्त आढळला. संपृक्त चरबी म्हणजे सर्वसाधारणपणे थंडीत गोठणारी चरबी, उदाहरणार्थ तूप, लोणी, खोबरेल तेल. पुढे पाश्चात्त्य देशांत चरबी कमी करण्याचा आग्रह सुरू झाला. उद्योगांनी बिस्किटांतून, दह्यातून चरबी काढली आणि चव राखण्यासाठी साखर व पिष्ट घातले. लोक 'लो फॅट' खात राहिले आणि वजने वाढत गेली.

नंतरच्या दशकांत मोठ्या अभ्यासांतून वेगळे चित्र दिसू लागले. २०१७ मध्ये १८ देशांतील सुमारे १ लाख ३५ हजार लोकांवरचा 'प्युअर' हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता. ज्यांच्या आहारात पिष्टमय पदार्थांचा वाटा फार जास्त होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. चरबी खाणाऱ्यांत तसे दिसले नाही. 'तूप निर्दोष सुटले' असे मथळे यातूनच निघाले. पण हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. फार पिष्ट खाणारे लोक बहुतेकदा गरीबही असतात, आणि गरिबीचे परिणाम आहारापासून वेगळे काढणे कठीण असते.

याउलट प्रत्यक्ष आहार बदलून केलेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये घेतला. १५ चाचण्या, पन्नास हजारांहून अधिक माणसे, किमान दोन वर्षांचा काळ. संपृक्त चरबी कमी केलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाल्या. मृत्यूच्या एकूण प्रमाणात मात्र फारसा फरक दिसला नाही.

या दोन्ही निष्कर्षांत वाटतो तेवढा विरोध नाही. तूप काढून त्याच्या जागी काय आले, यावर सारे अवलंबून आहे. तुपाच्या जागी शेंगदाणा, करडई, सोयाबीन, सूर्यफूल यांसारखे तेल आले तर कोलेस्टेरॉल सुधारते आणि हृदयाला फायदा होतो. त्याच जागी मैदा, साखर, पॉलिश तांदूळ आला तर फायदा जवळजवळ नाहीसा होतो. तूप बंद करून चहाबरोबर बिस्किटे सुरू करणाऱ्याने काहीच कमावलेले नसते.

भारतीयांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या 'इंडियाब' अभ्यासाचा २०१४ मधील अहवाल महाराष्ट्रासह चार भागांतला होता. तपासलेल्या प्रौढांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक जणांत एचडीएल, म्हणजे संरक्षक कोलेस्टेरॉल कमी होते. जवळपास ३० टक्क्यांत ट्रायग्लिसराइड्स वाढलेली होती. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले सुमारे १४ टक्के. ट्रायग्लिसराइड्स वाढण्यामागे तेलापेक्षा साखर, मैदा, भाताचे मोठे ढीग, मद्य आणि बैठे काम यांचा हात अनेकदा मोठा असतो. याच अभ्यासाच्या २०२५ मधील अहवालानुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. त्यामुळे तेलाची पळी लहान करून भाताची मूद मोठी केली, तर रक्ताच्या अहवालात समाधान मिळणार नाही.

हे सगळे का महत्त्वाचे, तर वयामुळे. 'इंटरहार्ट' या आंतरराष्ट्रीय अभ्यासातील २००७ च्या विश्लेषणानुसार दक्षिण आशियात पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, तर इतर देशांत जवळपास ५९ व्या. ही सहा वर्षे म्हणजे घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न यांची वर्षे.

तेलांचे खरे वेगळेपण

सर्व तेले आणि तूप यांत एक गोष्ट समान आहे. एका ग्रॅममागे सुमारे ९ कॅलरी मिळतात. घाण्याचे असो, रिफाइंड असो, ऑलिव्हचे असो वा साजूक तूप असो, वजन वाढवण्याच्या बाबतीत सगळी सारखीच.

फरक आहे तो घटकांत. शेंगदाणा तेलात सुमारे पाचवा हिस्सा संपृक्त चरबी आणि जवळपास निम्मी एक-असंपृक्त चरबी असते. सूर्यफूल आणि करडईच्या तेलात बहु-असंपृक्त चरबी जास्त. सोयाबीन व मोहरीच्या तेलात ओमेगा-३ गटातले स्निग्धाम्ल थोडे असते. पामतेल जवळपास निम्मे संपृक्त, तूप साठ टक्क्यांच्या वर आणि खोबरेल तेल नव्वद टक्क्यांच्या आसपास. बियांच्या तेलांतील लिनोलिक आम्लामुळे शरीरात दाह वाढतो, हा सध्याचा गाजणारा दावा आहे. माणसांवरील चाचण्यांमध्ये मात्र या आम्लाचे प्रमाण वाढवल्यावर दाहाचे निर्देशक वाढलेले दिसले नाहीत.

लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने आता या तिन्ही शहरांत दिसतात. या तेलाला वास आणि चव असते, ई जीवनसत्त्वासारखे काही घटक त्यात जास्त टिकतात. पण त्यातील स्निग्धाम्ले त्याच बीच्या रिफाइंड तेलासारखीच असतात. दाणे बुरशी लागलेले असतील तर अफ्लाटॉक्सिन हे विष न शुद्ध केलेल्या तेलात राहू शकते, रिफायनिंगमध्ये ते बरेचसे निघून जाते. म्हणून घाण्याचे तेल घ्यायचे तर दाणे स्वच्छ आणि दुकान विश्वासाचे हवे. परवडत नसेल तर अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

ओमेगा-३ साठी परदेशी बाटलीचीही गरज नाही. मराठवाडा-विदर्भातली जवसाची चटणी, किनाऱ्यावरचा बांगडा आणि तारली हे स्वस्त आणि चांगले स्रोत आहेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा, म्हणजे एनआयएनचा सल्लाही साधा आहे. एकाच तेलावर अवलंबून न राहता तेल आलटून पालटून वापरावे. या महिन्यात शेंगदाणा, पुढच्या महिन्यात सोयाबीन किंवा मोहरी, असे केले तरी पुरे. कमी प्रमाणातले तूप, म्हणजे वरणभातावरचा छोटा चमचा, हृदयविकार नसलेल्या माणसाला चालतो. तो औषध मात्र नाही. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे, त्यांनी चित्रफीत पाहून तूप सुरू करणे आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणे हा सर्वांत घातक प्रकार. तेलाच्या वादात होणारे खरे नुकसान अनेकदा इथेच होते.

महिन्याचा हिशेब

एनआयएनने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. २००० कॅलरींच्या ताटात तिने रोज २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. चार जणांच्या घरासाठी हे महिन्याला सव्वातीन किलोच्या आत, म्हणजे साडेतीन लिटर होते.

आता दुसरी बाजू. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात खाद्यतेलाचा दरडोई वार्षिक वापर १९.७ किलो झाला आहे. दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम. शिफारशीच्या दुप्पट. चार माणसांमागे महिन्याला सात लिटरहून जास्त. यात घरातले तेल आहे, तसेच हॉटेल, फरसाण, बिस्किटे, मिठाई आणि वाया जाणारे तेलही आहे.

या दोन आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, १० टक्के कपात ही सुरुवात आहे, मुक्काम नव्हे. ५४ ग्रॅममधून दहा टक्के गेले तरी ४९ ग्रॅम उरतात. दुसरी, ही सरासरी आहे. गरीब घरांत तेल आधीच कमी असते. वेटबिगारी, हमाली, बांधकाम अशी अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांना जास्त तेल चालते. मार्गदर्शिकेतही कामानुसार मर्यादा बदलते आणि कष्टाच्या कामासाठी ती ५० ग्रॅमपर्यंत जाते. दोन वर्षांखालील बालके, कुपोषित मुले, क्षयरोगातून बरे होणारे रुग्ण यांचे तेल-तूप कमी करणे चुकीचे आहे. त्यांच्या घासात ते मुद्दाम घालावे लागते. घरात एकाचे वजन वाढले म्हणून सगळ्यांचेच तूप बंद करणे, हे बरोबर नाही.

मोजणीतली एक अडचण बाजाराने तयार केली आहे. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता दुकानात ८०० किंवा ८५० ग्रॅमच्याही पिशव्या मिळतात आणि दिसायला त्या एक लिटरच्याच वाटतात. भाव आणि वापर दोन्ही मोजायचे असतील तर पिशवीवरचे ग्रॅम वाचायला हवेत.

दिसत नसलेले तेलही लक्षात घ्यावे लागते. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते, सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या आसपास. दाण्याचा कूट आणि खोबऱ्याचे वाटण वाईट नाही, उलट दाण्यांत प्रथिने आणि तंतूही मिळतात. पण मूठभर कूट घातलेल्या भाजीला वरून दोन पळ्या तेलाची गरज नसते. ज्या रश्शाला तवंग नाही त्याला चव नाही, ही समजूत सोडणे अनेक घरांत सर्वांत अवघड जाते.

पारंपरिक स्वयंपाकाला सरसकट तेलकट म्हणणेही अन्यायाचे ठरेल. सिंधी घरातली साईभाजी म्हणजे पालक, चुका, डाळ आणि भाज्या एकत्र शिजवून घोटलेली. तिला फारसे तेल लागत नाही. तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी, आमटी, भरीत, उकडीचे पदार्थ, मटकीची उसळ हेही त्याच जातीचे. दाल पकवानमध्ये डाळ उत्तमच आहे, अडचण मैद्याच्या तळलेल्या पकवानाची आहे. डाळ तीच ठेवून पकवानाऐवजी कोकी कमी तेलात भाजून घेतली, तर रविवार रविवारच राहतो.

कितव्यांदा तापलेले?

तेलाच्या चर्चेत जो प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, तो हा आहे. तेल जितक्या वेळा आणि जितका वेळ तापते, तितके ते बिघडते. त्यात ध्रुवीय संयुगे साठतात, आल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात. एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून अशा संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढचे तेल स्वयंपाकास अयोग्य. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि वापरलेले तेल अधिकृत गोळा करणाऱ्यांकडे, जैवइंधनासाठी द्यायचे, असा नियम आहे. मोठ्या उपाहारगृहांतले जळके तेल लहान ढाबे आणि हातगाड्यांकडे जाऊ नये, हा त्यामागचा उद्देश.

नियम चांगला आहे, पण स्थानकाबाहेरच्या गाडीवर दिवसाला ५० लिटर तेल लागत नाही. २५ टक्क्यांची मर्यादा तिलाही लागू असते, परंतु तिथे मोजणार कोण? दिवसभर विस्तवावर असलेल्या कढईत सकाळच्या तेलावर दुपारी नवे तेल ओतले जाते आणि संध्याकाळच्या गर्दीत सर्वांत थकलेले तेल सर्वांत जास्त लोकांच्या पोटात जाते. विक्रेता वाईट माणूस असतो असे नाही. तेल त्याच्या धंद्यातला मोठा खर्च आहे आणि ते फेकणे त्याला परवडत नाही. म्हणून केवळ दंडाने हा प्रश्न सुटणार नाही. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा आणि अन्न व औषध प्रशासन यांनी हातगाड्यांचे वापरलेले तेलही थोड्या थोड्या प्रमाणात विकत घेण्याची सोय केली आणि तेल तपासण्याचे छोटे यंत्र घेऊन संध्याकाळी बाजारात फेरी मारली, तर कार्यालयातल्या फलकांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

वनस्पती तुपाच्या बाबतीत नियमाचा फायदा दिसलाच आहे. १९३७ पासून 'डालडा' या नावाने घराघरांत पोहोचलेल्या या प्रकारच्या तुपात ट्रान्स फॅट भरपूर असे. ही चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते. एफएसएसएआयने तिची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के केली. ग्राहकाने काही न करताही धोका कमी झाला. मात्र खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटे यांत आता बहुतेकदा पामतेलातली संपृक्त चरबी असते. ट्रान्स फॅट नाही म्हणजे रोज चालते, असे नव्हे.

घरातही काळजी हवी. पुऱ्या तळून उरलेले तेल गाळून, एक-दोन दिवसांत फोडणीत किंवा भाजीत संपवावे. पुन्हा तळणाला घेऊ नये. तेल काळपट, दाट, फेसाळ झाले, खवट वास आला किंवा लवकर धुरकटू लागले, तर ते टाकून द्यावे. त्यासाठी तळताना कढई लहान घ्यावी, म्हणजे तेल मुळातच कमी उरते.

घरात ठरवता येईल असे

महिन्याच्या पहिल्या तारखेला लागणारे तेल एकदाच मोजून वेगळे ठेवावे. चार माणसांच्या घरात साडेतीन लिटर ही वरची मर्यादा, आणि बाहेरचे तळलेले खाणे होत असेल तर तीनच्या आत. तेल पिशवीतून थेट न ओतता चमच्याने घालावे. तळण आठवड्यातून एकदा. मैदा आणि साखर यांनाही त्याच तराजूत घालावे. आणि संध्याकाळच्या भुकेसाठी डब्याबरोबर भाजलेले चणे-शेंगदाणे, एखादे केळे किंवा पेरू द्यावे. लोकलमधून उतरणाऱ्याच्या हातात तेच असेल, तर वडापावचा मोह रोज होणार नाही.

तेल बदलल्याने काय झाले हे चित्रफीत सांगू शकत नाही, तपासणी सांगते. शासकीय रुग्णालये आणि आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेह तपासणी मोफत होते. कमरेचा घेर मोजायला शिवणकामाची टेप पुरते. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा घेर जास्त असेल, तर कोणते तेल चांगले या वादात शिरण्याआधी घरात महिन्याला किती तेल येते ते पाहावे. घरातल्या सर्वांनी मिळून ते ठरवावे. स्वयंपाक करणाऱ्या एकटीने नव्हे.